वेबपत्ता कसा असावा? वाचकांची काही प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावर प्रत्येक लेखाच्या पत्त्यात केवळ क्रमांक असतो. लोक दुव्यावर क्लिक करूनच येतात. मग पत्त्यात शब्द घालण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : एखाद्याने संदेशातून नुसता दुवा पाठवला, तर तो उघडावा की नाही हे ठरवताना समोरच्याजवळ बहुधा त्या पत्त्याखेरीज दुसरा आधार नसतो, आणि निव्वळ आकडे पाहून संशयच बळावतो. शिवाय नेहमीचा वापरकर्ता ॲड्रेस बारमध्ये दोन-चार अक्षरे टाइप करून पूर्वी पाहिलेले पान शोधतो. पत्त्यात शब्द असतील, तर ब्राउझरला ते पान सुचवणे सोपे जाते. तरीही क्रमांक काढून टाकू नका. क्रमांक आणि शब्द दोन्ही ठेवून सर्व्हरने पान क्रमांकावरून शोधावे, म्हणजे उद्या मथळा बदलला तरी दुवा तुटत नाही. शब्दांमध्ये अंडरस्कोरऐवजी (_) हायफन (-) वापरा. गूगलची शिफारस तीच आहे, पण मला त्याहून पटणारे कारण साधे आहे : अधोरेखित दुव्यात अंडरस्कोर रेषेखाली दडून जातो.

प्रश्न : विभाग, उपविभाग, वर्ष, महिना अशी उतरंड पत्त्यात असावी का?

उत्तर : तिचा प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे उघडत असेल, तरच. काही जाणते वापरकर्ते पत्त्याचा शेवटचा भाग खोडून वरच्या विभागात जाऊ पाहतात, आणि तिथे त्रुटीचे पान दिसले की माघारी फिरतात. मात्र मार्गदर्शनाची सगळी भिस्त पत्त्यावर ठेवू नये, कारण सफारीसारखे ब्राउझर मुळात केवळ डोमेनच, म्हणजे संकेतस्थळाचे मुख्य नावच, दाखवतात.

प्रश्न : पत्त्यात मराठी शब्द देवनागरीत लिहावेत का?

उत्तर : ॲड्रेस बारमध्ये ते सुरेख दिसतात, अडचण कॉपी करताना येते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो. त्यामुळे काना आणि वेलांटी धरून ५ चिन्हांचा ‘मराठी’ हा शब्द अनेकदा ४५ अक्षरांची निरर्थक माळ होऊन चिकटतो. ज्या पानाचा दुवा मुख्यतः संदेशांतून फिरणार, त्याला मी आखूड रोमन पत्ता देईन, मग लिप्यंतर थोडे ओबडधोबड झाले तरी चालेल.

प्रश्न : नव्या रचनेत जुन्या पत्त्यांचे काय करावे?

उत्तर : चांगले पत्ते बदलत नसतात, असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले आहे. बदल अटळच असेल, तर प्रत्येक जुना पत्ता त्याच मजकुराच्या नव्या पत्त्याकडे ३०१ या सर्व्हरच्या उत्तर-क्रमांकाने, म्हणजे कायमस्वरूपी पुनर्निर्देशनाने, वळवा. ३०२ हे तात्पुरत्या बदलासाठी असते. सगळे जुने दुवे सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे मला सर्वांत त्रासदायक वाटते, कारण लेख हलवला आहे की काढून टाकला आहे, हे वाचकाला कळतच नाही. काढला असेल तर ४१० हा ‘पान कायमचे काढले’ असे सांगणारा क्रमांक पाठवा आणि त्या पानावर तसे स्पष्ट लिहा.