नर्सिंग शिकतेय पण डिझाइन थिंकिंग आवडलंय, बाबा नाही म्हणतात

तुझं पत्र वाचलं गं. बीएससी नर्सिंगचं तिसरं वर्ष, कॉलेजात डिझाइन थिंकिंगचं दोन दिवसांचं वर्कशॉप झालं, तेव्हापासून डोक्यात तेच, आणि बाबा म्हणतात हे खूळ सोड, भरतीचा अभ्यास कर. बाबांचं अर्धं बरोबर आहे. भरतीचा अभ्यास करच, कारण वॉर्ड सुटला तर तुझ्याकडचं भांडवलच गेलं.

तूच लिहिलंयस ना, रात्रपाळीत सलाइन संपेल या धास्तीने नातेवाईक जागे राहतात म्हणून तू बाटलीवर लावलेल्या चिकटपट्टीवरच्या खुणांशेजारी मोठ्या मराठी आकड्यांत वेळ लिहिलीस, आणि एका आजींची सून तीन तास सलग झोपली. अगं हेच तर आहे डिझाइन थिंकिंग! माणसाची अडचण बघायची, हाताशी असेल त्यातून काहीतरी करून बघायचं, परत बघायचं.

अमेरिकेत कैसर परमनंटे म्हणून मोठी हॉस्पिटल्सची साखळी आहे, तिथे ड्युटी बदलताना नर्सेसचा पाऊण पाऊण तास नर्सिंग स्टेशनवर ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, देण्या-घेण्यात जायचा, तेवढा वेळ पेशंटला वाटायचं आपल्याला कोणी वालीच नाही. मग आयडिओ या डिझाइन कंपनीसोबत नर्सेस स्वतः टीममध्ये बसल्या आणि ओव्हर पेशंटच्या बेडजवळ, त्याच्यासमोरच द्यायची असं ठरलं, नवीन नर्स पेशंटपर्यंत पोचायचा वेळ निम्म्याहून खाली आला. आणि काविळीच्या बाळांना आपण फोटोथेरपी, म्हणजे प्रकाशाखाली ठेवायचा उपचार, देतो ना, त्याची सुरुवातच 1956 मध्ये इंग्लंडच्या वॉर्ड आडनावाच्या सिस्टरच्या नजरेतून झाली, उन्हात नेलेल्या बाळाचा दुपट्याखाली झाकलेला भागच तेवढा पिवळा राहिला होता.

आता कोर्सचं. आयआयटींमधल्या एमडेससाठी, म्हणजे डिझाइनमधल्या मास्टर्ससाठी, सीड परीक्षा लागते, आयआयटी बॉम्बे घेते, परीक्षेला बसायला बारावीनंतरची तीन वर्षांची कुठलीही डिग्री चालते आणि वयाची अट नाही, म्हणजे दोन-तीन वर्षं नोकरी करून दिलीस तरी चालेल, मला तर तेच बरं वाटतं. आयआयटी बॉम्बेतच बेटिक म्हणून सेंटर आहे, मेडिकल उपकरणांवर डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र काम करतात, त्यांच्या शिबिरांवर लक्ष ठेव. तिथे नर्सेस बसायलाच हव्यात असं मला मनापासून वाटतं, मशीन रात्री तीनला अलार्म देतं तेव्हा समोर नर्सच असते ना.

तोपर्यंत एक वही कर, रोज ड्युटी संपली की कुठे अडलं ते दोन ओळीत लिही, पेशंटचं नाव नको. आणि काहीही करून बघायच्या आधी इन्चार्ज सिस्टरना विचार, चिकटपट्टीबद्दलही सांगून टाक त्यांना.