आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झाली, आता रेडिएशन सांगितलंय. आधीपासून खाण्यापिण्याची आणि त्वचेची काय तयारी करावी?

खाण्याचं नंतर बघू. आधी मला सांगा, आईचा त्या बाजूचा हात वर जातो का? अर्धवट नाही, दंड कानाला टेकेपर्यंत?

हे घरात कुणी विचारत नाही आणि गाडी अडते ती इथेच.

माझ्याही ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या होत्या. डिस्चार्जच्या वेळी फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायामाचा कागद हातात दिला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, काठी दोन्ही हातांनी धरून डोक्यावर न्यायची, असं साधंच. घरी आले तर मोठ्या नणंदबाई मुक्कामाला. वन्संनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिला. "टाके सुटले तर कोण निस्तरणार?" झालं. केस त्या विंचरणार, दोरीवरचे कपडे त्या काढणार, माझा हात चोवीस तास उशीवर. आमच्या ह्यांचं म्हणणं, "आक्का म्हणते तर असेल काहीतरी." गल्लीत वन्संचं कौतुक मावेना. मधे केमोचे महिने गेले, अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि खांदा आखडत गेला तो गेलाच.

मग सिम्युलेशनचा दिवस उजाडला. तुम्हालाही तारीख मिळेल, म्हणून सांगते: त्या दिवशी शेक, म्हणजे रेडिएशन, देत नाहीत. सीटी स्कॅन करून मापं घेतात. ब्रेस्ट बोर्ड नावाच्या उतरत्या फळीवर उताणं झोपवतात आणि हात डोक्याच्या वर, आधारावर ठेवायला लावतात, म्हणजे दंड किरणांच्या वाटेत येत नाही. ज्या स्थितीत स्कॅन होतो त्याच स्थितीत पुढे रोज झोपायचं असतं. माझा हात खांद्याच्या जरा वर गेला आणि थांबला. तिथल्या टेक्निशियन मुलीनं कोपराला खालून आधार देऊन अलगद वर न्यायचा प्रयत्न केला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, आज नको, फिजिओ करून या. बाहेर वन्सं डबा धरून बसलेल्या. सांगितलं तर म्हणतात, "बघ, मी म्हणतच होते, हात दुखावलाय तुझा." आजही लग्नाकार्यात हा किस्सा त्या अशाच सांगतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

खणातला कागद काढला. हात वर जायला लागल्यावर पुन्हा तारीख मिळाली आणि स्कॅन झाला. तेव्हा आईला आजच उताणं झोपवून हात डोक्यावर ठेवायला सांगा आणि पंधरा मिनिटं तसेच राहतात का बघा. रोजचा वेळ साधारण तेवढाच जातो. त्यातली मशीन चालू असण्याची मिनिटं थोडी, बाकी सगळा वेळ बरोबर जागेवर झोपवण्यात. दुखत काही नाही. खोलीत एकटं असतो, पण टेक्निशियन काचेतून किंवा कॅमेऱ्यातून बघत असतात आणि स्पीकरवरून बोलतात. एसी कडक असतो, पायमोजे घालून जा.

स्कॅननंतर छातीवर खुणा करतात. कुठे तिळाएवढे गोंदणाचे ठिपके, कुठे शाईच्या रेषा. आमच्याकडे शाई होती आणि घामाने एक रेष पुसट झाली. वन्संनी पोराचं स्केचपेन आणून ती गिरवायला घेतली! मी हात धरला म्हणून. पुसट झाली तर दुसऱ्या दिवशी तिथे दाखवायची, घरी कलाकुसर करायची नाही.

डावी बाजू असेल तर श्वास भरून धरायला सांगतील, वीसेक सेकंद. छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून थोडं दूर सरकतं. सगळ्या ठिकाणी ही सोय नसते, पण विचारा. असेल तर घरी सराव करून ठेवा.

आणि हो, कुणाला पंचवीस शेक दिले, आईला पंधराच का, असं कुणीतरी म्हणेलच. वन्संच्या जावेला पंचवीस होते, मला पंधरा. लगेच निष्कर्ष: "फुले योजनेतून आहे ना, म्हणून कमी देतात." अहो, पंधरामध्ये रोजचा डोस जरा मोठा असतो. आधी ५० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) २५ वेळांत द्यायचे, आता बहुतेकींना ४० ग्रे १५ वेळांत. ब्रिटनमध्ये बायकांवर दहा वर्षं लक्ष ठेवून २०१३ मध्ये त्याचे निकाल छापले, कॅन्सर उलटण्यात १५ वाल्या कमी पडल्या नाहीत. २०२० मध्ये तर ५ वेळांत २६ ग्रेचेही पाच वर्षांचे निकाल आले. योजनेचा आणि आकड्याचा काही संबंध नाही. (वन्सं, वाचत असाल तर हे दोनदा वाचा.)

आता खाणं. जे घरात शिजतं ते. डाळ, अंडी, दही, मासे, पोटभर जेवण. गव्हांकुराचा रस, बीटाचा रस आणि कुणाच्या तरी ओळखीतल्या वैद्याच्या पुड्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. दात काढून घ्यायला कुणी सांगेल, ते तोंडा-घशाच्या कॅन्सरवाल्यांसाठी असतं. केमोनंतर आलेले डोक्यावरचे केस छातीच्या शेकाने जात नाहीत. नातवंडांना जवळ घेता येतं, बाहेरून दिलेल्या किरणांनी आई किरणोत्सारी होत नाही. आमच्याकडे माझं ताट-वाटी वेगळी काढली होती. कुणी, ते विचारू नका.

त्वचेला कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो, घासायचं नाही, टॉवेलने टिपायचं. हळद-चंदनाचे लेप, बर्फ, गरम पाण्याची पिशवी त्या भागावर नको. तिथली संवेदना आधीच कमी असते, भाजलेलं कळत नाही. ह्यांचे जुने सुती सदरे मला फार उपयोगी पडले. आतला टाईट इलॅस्टिकचा कपडा काचतो.

सोबतीला माणूस ठेवा, पण शेवटच्या शेकाच्या दिवशी त्याला निरोप देऊ नका. थकवा आणि कातडीची जळजळ शेक संपल्यावर आठवडा-दोन आठवडे आणखी वाढते. नेमके तेव्हाच सगळे 'सुटलो' म्हणून आपापल्या घरी जातात. वन्सं मात्र राहिल्या होत्या, तो महिना त्यांनी एकटीनं घर ओढलं, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल.

एक राहिलंच. आईची जखमेतलं पाणी काढायची नळी अजून असेल, जखमेत पाणी साठत असेल किंवा हाताला सूज असेल, तर माझं वाचून व्यायाम सुरू करू नका, आधी सर्जनला नाहीतर फिजिओला दाखवा. पेसमेकर असेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. आणि रेल्वेने जाणार असाल तर हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट.