पहिली वटपौर्णिमा करतेस, तर ऐक

अगं, शेजारच्या हिंदीभाषक भाभी वैशाख अमावास्येलाच वड पुजताना दिसल्या म्हणून गडबडू नकोस. त्यांची वटसावित्री तेव्हाच असते, आपली ज्येष्ठ पौर्णिमेला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून निज ज्येष्ठातली, २९ जूनची धर.

निर्जळी उपासाचं मात्र डोक्यातून काढ. पाऊस लांबला की नागपुरात जूनमध्येही पारा चाळिशीपार जातो, आणि वडाखाली तासभर रांग असते. सकाळीच लिंबूपाणी घे. गोळ्या सुरू असतील किंवा दिवस गेले असतील तर फळं, साबुदाण्याची उसळ खाऊनच जा. सासूबाईंना आधीच सांगून टाक, ऐनवेळी वाद नको.

सुताची गुंडी घरीच सैल करून ठेव. नाहीतर तिसऱ्या फेरीला गुंता होतो आणि मागच्या बाया खोळंबतात. फेऱ्या सात, पण सूत पुरलं नाही तर हात जोडून नुसतीच प्रदक्षिणा घाल. कापूर बुंध्याला चिकटून लावू नकोस, वाळलेलं सूत भुर्रकन पेटतं. बाजारातली तोडलेली फांदी तर आणूच नकोस, मला ते मुळीच पटत नाही. वड लांब असेल तर पाटावर चित्र काढून पूज.

वाणाला आंबा घेच, हंगाम संपत आलेला असतो.