गुंतवणुकीच्या आधीचा प्रश्न

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोकरी स्थिरावली आहे, आता महिन्याकाठी शिल्लक राहणारे पैसे कशात गुंतवावेत, असे तू विचारले आहेस. प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो आणि तो आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने विचारावा लागतो. माझ्या मिळकतीवर आज कोण अवलंबून आहे आणि अजून किती वर्षे अवलंबून राहणार आहे? याचे उत्तर बदलले की नियोजन बदलावे. बाजार चढला किंवा उतरला, एवढ्यासाठी ते बदलण्याचे कारण नाही.

फ्रँको मोदिग्लियानी या अर्थशास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पुरस्कार मिळाला, त्यामागे बचतीविषयीची त्यांची मांडणी होती. मिळकत आयुष्यभर सारखी राहत नाही, खर्च मात्र थांबत नाही; म्हणून कमाईच्या वर्षांत बाजूला टाकलेला पैसा कमाई थांबल्यानंतरच्या वर्षांना पुरवायचा असतो, असा तिचा गाभा आहे. कुटुंबाला हा विचार लागू करणे अधिक कठीण जाते, कारण एकाच घरात कमाई सुरू न झालेली, ऐन भरात असलेली आणि कमाई संपलेली माणसे एकत्र राहत असतात.

आज तुझ्यावर कोणीही अवलंबून नाही आणि तुझ्या हाती वेळ भरपूर आहे. ७२ या संख्येला वार्षिक व्याजदराने भागले की पैसा दुप्पट होण्यास लागणारी वर्षे साधारण कळतात. इटलीच्या लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ साली छापलेल्या ग्रंथातही हा आडाखा आढळतो. वाढीचा दर ८ टक्के धरला तर दुप्पट होण्यास ९ वर्षे लागतात. म्हणजे चोविसाव्या वर्षी बाजूला ठेवलेली रक्कम साठाव्या वर्षापर्यंत सुमारे सोळापट होईल, तर तेहेतिसाव्या वर्षी ठेवलेली जेमतेम आठपट. हाच आडाखा महागाईलाही लागू पडतो, हे विसरू नकोस. ६ टक्के महागाईत घरखर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम केव्हाही काढता येईल अशा ठिकाणी आधी ठेव आणि मगच दीर्घ मुदतीकडे वळ.

विवाह झाला आणि विशेषतः मूल झाले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात पालटते. येथे मी चुकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मुलगी दोन वर्षांची असताना एका परिचित विमा प्रतिनिधीच्या शब्दावर मी विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी घेतली. तिचा हप्ता इतका जड होता की घरात दुसरी बचत होईना. आणि विम्याची रक्कम पुरेशी आहे का, हे मी मोजलेच नव्हते. एका रात्री पत्नीने वहीत महिन्याचा घरखर्च लिहिला, पॉलिसीच्या रकमेला त्या आकड्याने भागले आणि उत्तराभोवती पेन्सिलीने गोल काढून वही माझ्यापुढे सरकवली. उत्तर होते चौदा. मी गेलो असतो तर घर चौदा महिने चालले असते आणि मुलगी तेव्हा शाळेतही गेली नसती. निव्वळ मुदत विमा, म्हणजे ज्यात बचत नसते आणि ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम मिळते असा विमा घ्यावा, तो सर्वांत लहान मूल स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंतचा खर्च आणि शिल्लक कर्ज यांना पुरेल एवढा असावा, आणि बचत त्यापासून वेगळी करावी, असे मी तेव्हापासून आग्रहाने सांगतो.

घरासाठी कर्ज घेशील तेव्हा केवळ हप्ता झेपतो का, एवढेच पाहू नकोस. ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातील शंभर भागांपैकी सुमारे ८३ भाग व्याजात जातात आणि मुद्दलातून केवळ १७ वळते होतात. अर्धे मुद्दल फिटायला १४ वर्षे लागतात आणि अखेरीस कर्जाच्या दुपटीहून अधिक रक्कम भरली जाते. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत जादा भरलेली थोडी रक्कमही मुदत बरीच कमी करते. मात्र मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क आहे का, हे सही करण्याआधी करारात वाच.

चाळिशी-पन्नाशीत मुलांचे उच्चशिक्षण आणि आईवडिलांचे आजारपण बहुधा एकदमच येते. त्या ओढाताणीत पालक स्वतःच्या निवृत्तीचा निधी मोडतात, आणि त्यांची भावना समजत असूनही मला ते पटत नाही. शिक्षणासाठी कर्ज मिळू शकते, वृद्धापकाळाच्या रोजच्या खर्चासाठी ते मिळणे फार अवघड असते. आणि तो भार शेवटी त्याच मुलांवर पडतो.

निवृत्तीनंतर अवलंबून असणारे आपण स्वतःच असतो. पैसे काढत असताना पहिल्याच वर्षांत बाजार कोसळला तर निधी लवकर आटतो, कारण पडत्या भावात विकलेला भाग पुढच्या तेजीत सहभागी होत नाही. यासाठी दोन-तीन वर्षांचा खर्च स्थिर ठेवींत असावा. सगळाच निधी मात्र ठेवींत अडकवू नये, कारण साठीनंतरही पंचवीस वर्षे महागाईला तोंड द्यायचे असते.

माझे वडील गेले त्यानंतरच्या आठवड्यात आई आणि मी जमिनीवर कागद पसरून बसलो होतो. पासबुके, पावत्या, एका जुन्या ठेवीचे दुमडलेले प्रमाणपत्र. त्यातले काय चालू आहे आणि काय कधीच मोडले, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. वडिलांनी कष्टाने साठवले होते, पण कोणाला सांगितले नव्हते. म्हणून तुझी बचत कितीही लहान असली तरी या महिन्यातच एका पानावर खाती, ठेवी, विमा आणि देणी लिही, प्रत्येक ठिकाणी वारसाचे नाव नोंदव, आणि ते पान कोणत्या खणात ठेवले आहे हे घरी एका माणसाला सांगून ठेव.

तुझा हितचिंतक