बागेतली भाजी कोणाची?

प्रश्न : ताई, आमची कोथरूडमधली सोसायटी जुनी, तीन इमारतींची आहे. मधल्या लॉनवर कोणी बसत नाही, पण उन्हाळ्यात टँकरचं पाणी मात्र त्याला लागतंच. तिथे भाजीपाला लावावा असं आम्हा काही जणींना वाटतं. समिती म्हणते, डास होतील, उंदीर येतील आणि भाजी आली की भांडणं होतील. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : समितीची तिसरी शंका सगळ्यांत खरी आहे. डास साचलेल्या पाण्यात होतात. वाफ्याला निचरा असला आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढल्या की तो प्रश्न मिटतो. उंदीर येतात ते शिजलेल्या अन्नावर, म्हणून खतात फक्त कच्ची सालं, देठं आणि पालापाचोळाच जाऊ द्या. पण ‘भाजी कोणाची?’ हे बी पेरण्याआधी ठरायला हवं. वांगी धरल्यावर ते ठरवायला बसलात, तर समितीचं भाकीत खरं होईल.

दरघरी एकेक वाफा वाटून देऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. मे महिन्यात निम्मी घरं गावी जातात आणि त्यांचे वाफे वाळतात. कोपऱ्यातल्या वाफ्याला ऊन जास्त, भिंतीलगतच्याला कमी, त्यावरून धुसफूस होते. फ्लॅट विकला की वाफा कोणाचा, हा आणखी एक वाद. आमच्या सोसायटीत सगळे वाफे सामाईक आहेत. रविवारी सकाळी तोडणी होते. त्या आठवड्यात ज्यांनी पाणी घातलं, निंदणी केली त्यांना जुडी आधी. माळीकाका, वॉचमन आणि झाडलोट करणाऱ्या मावशी यांचा वाटा त्यांच्या बरोबरीने. उरलेली भाजी गेटजवळच्या टेबलावर, ज्याला हवी त्याने न्यावी. एरवी वाफ्यातलं कोणी परस्पर तोडायचं नाही. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना आणि ओवा यांना मात्र हा नियम नाही, ते कोणीही केव्हाही खुडावं. कोणाला ताप आला आणि काढ्यासाठी गवती चहा हवा असला, तर त्याने रविवारची वाट का बघायची?

एवढं ठरलं की ते सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून लिहून घ्या. जागा कोणती, पाणी कुठून, खर्च कोणाचा, आणि मुदत एक वर्ष. सगळं लॉन मागू नका, सर्वांत उन्हाचा कोपरा मागा. पालेभाजीला चारेक तास, वांगी-टोमॅटोला सहा तास तरी थेट ऊन लागतं. उन्हाआड झाड येत असलं, तरी त्याला हात लावू नका. महाराष्ट्रात 1975 च्या कायद्यानुसार शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि मला विचाराल तर तोडूही नये. त्या सावलीत अळू लावा.

लॉनखाली खणून बघा. बहुतेक ठिकाणी वीतभर मातीखाली बांधकामाचा राडारोडा निघतो. म्हणून वाफे जमिनीच्या वर, विटा रचून करा. लाल मातीचे ट्रक मागवू नका. शेतीत नवनवे प्रयोग करणारे कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी पालापाचोळ्यापासून ‘अमृतमाती’ करायची रीत घालून दिली आहे, ती सोसायटीला अगदी सोयीची. दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ घालून तीन दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं. मग ते दहापट पाण्यात मिसळून त्यात वाळला पाला दिवसभर भिजवायचा आणि थोडी माती पसरत थरांवर थर रचायचे. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 पासून जी बाग उभी केली, तीसुद्धा स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच. तुमच्या आवारातला पाला आज पोत्यात भरून बाहेर जात असेल, तो आधी थांबवा.

पहिल्या खेपेला लाल माठ, पालक, मेथी एवढंच लावा. महिन्याभरात हातात जुडी येते, आणि समितीतल्या नाराज काकांच्या घरी ती पहिली पोचवा. पावसाळ्यात कुंपणावर दोडका, घोसाळी चढवा. कोबी-फ्लॉवरच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका, किडीने सगळ्यांचा धीर सुटतो. आणि लॉनवर किंवा शोभेच्या झाडांवर जी औषधफवारणी चालते, ती वाफ्यांच्या आसपास पूर्ण बंद झाली पाहिजे. यात तडजोड नको, त्या वाफ्यातली मेथी लहान मुलं खाणार आहेत.

प्रश्न : आमच्याकडे जमीनच नाही, पार्किंगच्या स्लॅबवर बाग आहे. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळणारं पाणी भरपूर आहे, ते भाजीला चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पालेभाज्या, मुळा, कोथिंबीर यांना ते पाणी नको. जे मातीलगत वाढतं आणि कच्चं खाल्लं जातं, त्याला पिण्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच घाला. एसटीपीचं पाणी शोभेच्या झाडांना द्या, म्हणजे चांगलं पाणी भाजीसाठी वाचेल.

त्याआधी स्लॅबचं बघा. फूटभर ओल्या मातीचं वजन दर चौरस मीटरला अर्धा टन किंवा त्याहूनही जास्त भरतं. इमारतीचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून किती भार चालेल ते लेखी घ्या, आणि वॉटरप्रूफिंगची तपासणीही तेव्हाच करून घ्या. माती कमी आणि पालापाचोळा, उसाचं चिपाड जास्त असं मिश्रण बरंच हलकं होतं. चिपाड रसवंतीवाल्याकडे मागितलं तर तो आनंदाने देतो.