टेंटमध्ये रात्री मंद उजेडासाठी कोणता दिवा घ्यावा?

तुम्ही ‘मंद’ हा शब्द वापरलात म्हणून लिहायला बसलो. आमच्या दाजींना तो शब्दच मंजूर नाही.

जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला राजमाचीला गेलो होतो. लोणावळ्याहून चालत उधेवाडी, म्हणजे राजमाची किल्ल्याखालचं गाव; माणसं पाच, टेंट दोन. दाजींनी सॅकमधून घरचा इमर्जन्सी दिवा काढला, लाइट गेल्यावर लावतो तो, पांढराफटक. टेंटच्या आतल्या हुकाला अडकवला आणि म्हणाले, “आता कसं घरासारखं वाटतंय!” दहा मिनिटांत पावसाळी किड्यांनी टेंट भरला. भाकरीवर पंख. ताई आत कपडे बदलायला गेली, तर तिची सावली अख्ख्या कापडावर. भाची किंचाळली तेव्हा कुठे दिवा बंद झाला. मग झाडांकडे पाहिलं तर कुणालाच काही दिसेना. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि दाजी दर पाच मिनिटांनी चपला शोधायला दिवा लावणार. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीच्या एकमेकांना खुणा; आपल्या झगझगाटात त्या त्यांच्याच त्यांना दिसत नाहीत. शेजारच्या टेंटमधल्यांनी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“उजेड कमी असला तर साप-विंचू कसे दिसणार?” हे दाजी अजून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत काढतात. अहो, साप आत येतो तो चेन उघडी राहिली म्हणून. चेन लावा, बूट घालण्याआधी झटका. बाहेर पडताना टॉर्च मात्र दणकट हवी, तिथे मी कंजुषी सांगत नाही.

आत दोन-तीन माणसांना १०-२० ल्युमेन (उजेड किती, याचं माप) पुरे. पिवळसर घ्या, २७०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा; त्यावर किडे कमी येतात. लाल मोड असेल तर सोन्याहून पिवळं, पण काजव्यांजवळ तोही बंद. वेगळा दिवा घ्यायलाच हवा असंही नाही. पाण्याच्या भरलेल्या बाटलीला हेडटॉर्च आत तोंड करून बांधा, झाला कंदील. मेणबत्ती अजिबात नको, टेंटचं कापड बघता बघता वितळतं.

हां, सोबत लहान मूल असेल किंवा कुणाची नजर अधू असेल तर थोडा जास्त उजेड ठेवा. दाजींना चष्मा आहे, हे मान्य. पण त्या रात्री तो त्यांनी लावलेला होता.