घास घशाखाली का उतरत नाही?

प्रश्न : आईला (वय ५२) दोन वर्षांपासून तोंडाला कोरड पडते. पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी उतरत नाही, डोळ्यांत सतत कचकचतं. खालच्या ओठाच्या आतला तुकडा काढून तपासला, रिपोर्टमध्ये ‘फोकस स्कोअर २’ आलाय. डॉक्टरांनी शोग्रेन नावाचा आजार सांगितला. शरीराच्याच पेशी लाळग्रंथींवर हल्ला करतात म्हणे. नेमक्या कोणत्या? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तो आकडा. सूक्ष्मदर्शकाखाली ५० किंवा त्याहून जास्त लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एका जागी गोळा झालेल्या दिसल्या, तर त्या घोळक्याला ‘फोकस’ म्हणतात. ४ चौरस मिलिमीटरमध्ये असे किती, तो स्कोअर. एक किंवा जास्त असेल तर तो शोग्रेनच्या बाजूने धरतात. लाळ किती कमी झाली हे मात्र त्यावरून कळत नाही.

हे घोळके बसतात कुठे, ते पाहण्यासारखं आहे. लाळ तयार होते द्राक्षाच्या घोसासारख्या पेशीगुच्छांत, पण घोळके जमतात मुख्यतः लाळ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांभोवती. एरवी या नळ्यांच्या अस्तरपेशींचं काम साधं असतं : वाहत्या लाळेतलं मीठ परत शोषून घेणं. शोग्रेनमध्ये त्या भलतीच कामं करू लागतात. एचएलए-डीआर हे प्रथिन एरवी प्रतिकारशक्तीच्या पेशी अंगावर बाळगतात, ते या पेशी धारण करतात आणि टी-पेशींना (लिम्फोसाइटचा एक प्रकार) ‘हे बघ’ म्हणून स्वतःचेच तुकडे दाखवतात. सीएक्ससीएल-१३ नावाचा रासायनिक सांगावा धाडून बी-पेशींना (अँटीबॉडी बनवणारे लिम्फोसाइट) बोलावतात, आणि आलेल्या बी-पेशी जगाव्यात म्हणून बाफ नावाचं प्रथिनही पुरवतात. चोराला घरातल्यानेच आतून कडी काढून द्यावी, तसं. म्हणून ‘हल्ला’ हा शब्द अर्धाच खरा. ग्रीक वैद्यकतज्ज्ञ मुत्सोपुलोस यांनी १९९४ मध्ये या आजाराला ‘ऑटोइम्यून एपिथेलायटिस’, म्हणजे अस्तराचाच दाह, असं नाव सुचवलं ते याचसाठी.

सुरुवातीच्या घोळक्यांत सीडी-४ टी-पेशी जास्त असतात. आजार मुरला की बी-पेशींचा भरणा वाढतो आणि रो (एसएसए) व ला (एसएसबी) या पेशींतल्याच प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी तिथेही तयार होतात. रो हे प्रथिन आरएनएला चिकटलेलं असतं. पेशी मरताना ते बाहेर पडलं, की सोबतचा आरएनए विषाणूचाच समजला जातो आणि इंटरफेरॉन (विषाणू आल्याचा इशारा देणारं प्रथिन) वाढतं. इंटरफेरॉनमुळे अस्तरपेशी आणखी बाफ सोडतात, आणि चक्र फिरत राहतं. पहिली ठिणगी विषाणूची असावी असा दाट संशय आहे, पण एकाच विषाणूवर बोट ठेवता आलेलं नाही. तिखट, आंबट किंवा ‘उष्ण’ खाण्याने हा आजार होत नाही. आईंना तो दोष देऊ नका.

प्रश्न : बायॉप्सीत माझी बरीचशी ग्रंथी शाबूत दिसली. मग तोंड एवढं कोरडं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण कारखाना उभा असला तरी बटण दबत नाही. मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलिन सोडतो, ते पेशीवरच्या एम-३ ग्राहीला लागतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, क्लोराइड नळीत उतरतं. त्यामागे सोडियम आणि पाणी जातं. पाण्याची वाट म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-५. शोग्रेनमध्ये हे प्रथिन नळीकडच्या बाजूला असायला हवं तिथे नीट बसत नाही. दाहातली रसायनं मज्जातंतूचा निरोप दाबतात, आणि काही रुग्णांत एम-३ विरुद्धच अँटीबॉडी सापडतात.

पायलोकार्पिन ही गोळी हेच बटण जोराने दाबते. प्रौढांत सहसा ५ मिलिग्रॅम, दिवसातून ३ ते ४ वेळा. घाम खूप येतो, लघवीला जावं लागतं. आटोक्यात नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर ते घेऊ नये. जिथे पेशीगुच्छांच्या जागी चरबी किंवा तंतूच उरलेत, तिथे मात्र ही गोळी काही करू शकत नाही.

प्रश्न : लाळ खरंच कमी आहे का, हे घरी कळेल? मी झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन घेते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : अंदाज येतो. सकाळी, तासभर आधी काही खाऊ-पिऊ नका, ब्रशही नको. छोटी वाटी ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. एकदा गिळून घड्याळ लावा. मग १५ मिनिटं न बोलता, न चघळता बसा आणि जमेल ती लाळ वाटीत सोडा. पुन्हा तोला. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर. १५ मिनिटांत १.५ किंवा त्याहून कमी भरली तर ती कमी. लाळ मापाच्या भांड्यात मोजू नका, फेसामुळे जास्त वाटते.

पण तुमची गोळीच लाळ आटवते, त्यामुळे तुमच्या बाबतीत या आकड्यावरून शोग्रेन ठरवता येणार नाही. गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा. मधुमेह, हिपॅटायटिस सी आणि आयजीजी-४ शी निगडित आजारही त्यांनी आधी बाजूला काढायला हवेत.

प्रश्न : शोग्रेन आहे. कानाखाली सूज येते-जाते. घाबरावं का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : येऊन ओसरणारी सूज या आजारात नेहमीची. मात्र वर्षानुवर्षं चिथावलेल्या बी-पेशींतून काही रुग्णांत लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कर्करोग) होतो, बहुधा कानाजवळच्याच ग्रंथीत. सूज ओसरेनाशी झाली, एकाच बाजूला कठीण लागू लागली, पायांवर जांभळे ठिपके उठले किंवा रक्तात सी-४ (प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) कमी आलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाततज्ज्ञांना) दाखवा आणि ग्रंथीची सोनोग्राफी करून घ्या.